माप घ्या, मापं काढू नका

मंडळी, 'माप' या शब्दावर मराठीचा फार जीव आहे. नवी सून उंबरठ्यावरचं माप ओलांडून घरात येते. लाडक्या लेकराला आपण झुकतं माप देतो. दुकानदाराच्या मापात पाप निघालं की गल्लीभर बोभाटा होतो. आणि नळावर भांडण जुंपलं की एकमेकींची मापं निघतात.

आजचा विषय आहे लठ्ठपणाचं माप. मला वाटतं, या एका बाबतीत आपल्याकडे दोन्ही गोष्टी घडतात. माप घेताना मापात पाप होतं, कारण फक्त वजन बघितलं जातं. आणि माप घेऊन झालं की माणसाची मापं काढली जातात.

माझं म्हणणं सरळ आहे. दवाखान्यात वजनाच्या काट्याशेजारी शिंप्याचा टेप टांगलेला असावा. घरातही असावा. आणि आपल्या लोकांच्या बाबतीत काट्यापेक्षा त्या टेपवर जास्त भिस्त ठेवावी.

मी डॉक्टर नाही. मराठी माध्यमातून बी.ए. झालेली मास्तरीण. पण तीसेक वर्षं मुलांच्या प्रगतिपुस्तकांत उंची-वजनाचे रकाने भरले आहेत, त्यामुळे मोजमापाशी माझी जुनी ओळख आहे. निवृत्तीनंतर घरातल्यांच्या आजारपणांमुळे या विषयावर बरंच वाचलं, आमच्या डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते.

आधी त्या बीएमआयची गोष्ट. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं, की आला बीएमआय. हे गणित मांडलं बेल्जियमच्या अडॉल्फ केटले यांनी, १८३० च्या दशकात. ते मुळात खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ. 'सरासरी माणूस' कसा असतो याचा त्यांना शोध घ्यायचा होता. कोणाला मधुमेह होईल आणि कोणाचं हृदय बिघडेल हा त्यांचा प्रश्नच नव्हता. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेतल्या अँसेल कीज यांनी या गणिताला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिलं आणि ते जगभर रुळलं. हजारो लोकांची तुलना करायला हे माप उत्तम. पण समोर बसलेल्या एका माणसाबद्दल ते अर्धंच सांगतं. वजन हाडांचं आहे, स्नायूंचं आहे की चरबीचं, आणि चरबी असलीच तर ती कुठे आहे, हे काट्याला कळत नाही.

हे फार सुंदर दाखवून दिलं ते आपल्या पुण्याच्या डॉक्टरांनी. के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन हे दोघे मित्र. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३, अगदी दशांशापर्यंत सारखा. पण युडकिनसाहेबांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणजे दुपटीहून जास्त! काटा दोघांना एकच प्रगतिपुस्तक देत होता.

डॉ. याज्ञिकांचं काम याच्याही मागे जातं. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास चालवला. तिथली बाळं जन्मतः सरासरी सुमारे २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. आपली बाळं सगळ्याच बाबतीत लहान. पण खांद्याच्या पात्याखाली चिमटीत कातडी धरून चरबीची जाडी मोजली, तर ती मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. स्नायू कमी, चरबी टिकून. म्हणजे बाहेरून बारीक आणि आतून लठ्ठ हा आपला साचा आईच्या पोटातच घडतो. आपल्याकडे हातापायांच्या काड्या आणि मध्ये गरगरीत पोट अशी माणसं पावलोपावली का दिसतात, याचं एक उत्तर त्यात आहे.

आमच्या घरातलंच उदाहरण देते. भाऊजींची, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांची, परवानगी घेतली आहे. त्यांची उंची १६५ सेंटिमीटर, वजन ६२ किलो. बीएमआय २२.८. नोकरीत होते तोवर दरवर्षी तपासणी व्हायची आणि कागदावर 'वजन योग्य' असा शेरा यायचा. आम्ही सगळे त्यांना किरकोळ अंगाचे म्हणायचो. पोट थोडं पुढे होतं, पण 'खात्यापित्या घरचा माणूस' म्हणून त्याचंही कौतुकच. साठीत मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. त्याआधीच्या तपासणीत साखर निघाली, आणि ती नवीन नव्हती. डोळ्याच्या पडद्यावर तिच्या खुणा उमटलेल्या होत्या. ऑपरेशन लांबलं, इंजेक्शनं झाली, एका डोळ्याची नजर पूर्वीसारखी आलीच नाही. त्यानंतर एका डॉक्टरांनी पहिल्यांदा त्यांच्या पोटाला टेप लावला. घेर ९६ सेंटिमीटर! इतक्या वर्षांच्या तपासण्यांत हा आकडा एकदाही कोणी लिहिला नव्हता. मोजायला अर्धं मिनिट लागलं असतं आणि तो लिहिला असता तर साखर आधी तपासली गेली असती.

पोटावरच्या चरबीचं एवढं काय, असं कोणी विचारेल. मला समजलं ते असं. मांड्यांवर, नितंबांवर कातडीखाली साठते ती चरबी बरीचशी गरीब. पण पोटात, आतडी-यकृत-स्वादुपिंडाच्या भोवती बसते ती उपद्रवी. तिच्यातले स्निग्ध पदार्थ थेट यकृताकडे जातात, इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होतं, मग साखर, रक्तदाब, रक्तातली चरबी ही सगळी भावंडं एकामागून एक घरात शिरतात. टेपला कातडीखालची आणि आतली चरबी वेगळी ओळखता येत नाही हे खरं. तरी 'कुठे' या प्रश्नाचं उत्तर काट्यापेक्षा तो कितीतरी चांगलं देतो.

आता आकडे. वहीत लिहून घ्या. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी एकत्र बसून आपल्यासाठी वेगळ्या रेषा आखल्या. बीएमआय २३ च्या पुढे गेला की वजन जास्त, २५ च्या पुढे लठ्ठपणा. (जागतिक रेषा अनुक्रमे २५ आणि ३० च्या आहेत.) कंबरेचा घेर पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या आत हवा, स्त्रियांचा ८० च्या आत. इंचांत सांगायचं तर साधारण साडेपस्तीस आणि साडेएकतीस.

आणि आकडे लक्षात राहत नसतील तर दोऱ्याची युक्ती. सोलापूर हे सुताचं गाव, दोऱ्याला इथे काय तोटा! आपल्या उंचीएवढा दोरा घ्या, त्याची बरोबर निम्म्यावर घडी घाला आणि तो दुहेरी दोरा पोटाभोवती फिरवा. टोकं जुळली तर ठीक. मध्ये फट राहिली तर पोट उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे. इंग्लंडच्या 'नाइस' या संस्थेने २०२२ मध्ये हाच नियम लोकांना सांगितला, की कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत ठेवा. भाऊजींच्या उंचीचे निम्मे होतात साडेब्याऐंशी, आणि पोट शहाण्णव. फट चांगली वीतभर नसली तरी चार बोटांच्या वर भरली असती. माझी स्वतःची उंची १५२, निम्मे ७६ आणि घेर ८१. फट आहे, नाही कशाला म्हणू? :)

मोजायचं कसं, हेही नीट सांगायला हवं. नाहीतर पुन्हा मापात पाप. पॅन्टचं माप म्हणजे कंबरेचा घेर नव्हे. आपले पुरुष पोटाच्या खाली पट्टा बांधतात आणि 'वीस वर्षं माझी चौतीसच आहे' असं अभिमानाने सांगतात. पट्टा चौतीसचा असेल, त्यावर झुकलेलं पोट चाळीसचं असतं. आपल्या बायकांचं तर विचारूच नका. परकराची नाडी कधी तक्रार करत नाही, साडी पाच-सात किलो सहज पोटात घालते. बरोबर जागा म्हणजे सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड, या दोन्हींच्या मधोमध. सरळ उभं राहायचं, पाय थोडे अंतरावर, श्वास सहज सोडायचा आणि सोडल्यावर वाचायचं. पोट आत ओढायचं नाही. टेप जमिनीला समांतर, अंगाला टेकलेला पण रुतणारा नाही. नाडी सैल करून, अंगालगत. दोनदा मोजायचं. दवाखान्यात बाईचं माप बाईनेच घ्यावं आणि पडद्याआड घ्यावं, हे वेगळं सांगायला नको. पण सांगते. कारण लाजेपोटी मोजणंच टळतं.

शिंप्याच्या वहीत कंबरेखाली 'सीट'चंही माप असतं. कंबरेला सीटने भागलं की आणखी एक आकडा मिळतो. स्त्रियांचा तो ०.८५ च्या आत असावा, पुरुषांचा ०.९० च्या आत. २००५ मध्ये ५२ देशांतल्या सुमारे २७,००० लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात हृदयविकाराच्या झटक्याशी या गुणोत्तराचं नातं बीएमआयपेक्षा घट्ट दिसलं. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, पहिल्यांदा कंबर आणि नितंब मोजले गेले. त्या आकड्यांनी मी थक्क झाले. बीएमआय २५ किंवा त्यावर असलेल्या स्त्रिया २४ टक्के. पण कंबर-नितंबाचं गुणोत्तर धोक्याच्या बाजूला असलेल्या स्त्रिया ५६.७ टक्के! पुरुषांत २२.९ आणि ४७.७. दोन मापं वेगवेगळ्या गोष्टी मोजतात हे कबूल. तरी काट्याने 'योग्य' म्हणून परत पाठवलेली केवढी माणसं या फरकात बसली असतील याचा विचार करा.

हे झालं निदानाचं. पण टेपचा खरा उपयोग पुढे आहे, प्रगती बघण्यात. प्रगतिपुस्तक एका परीक्षेचं नसतं, वर्षाचं असतं. माझी भाची, उंची १५८, वजन ७२, घेर ९४. सकाळी सिद्धेश्वर तलावाभोवती चालायला लागली, रात्रीचा भात कमी केला, चहातली साखर सोडली. सहा महिन्यांनी काट्यावर उभी राहिली तर ७१. एक किलो! रडवेली झाली, 'मावशी, सोडून देते सगळं' म्हणाली. टेप लावला तर घेर ८९. पाच सेंटिमीटर उतरला होता. चालून स्नायू घट्ट होतात, चरबी उतरते, आणि काटा दोन्हींची वजाबाकी करून एक किलो दाखवतो. शिवाय वजन जेवणाने, पाण्याने, मिठाने एका दिवसातही किलोभर इकडेतिकडे होतं. त्यामुळे रोज काट्यावर चढणाऱ्याचं मन रोज खाली-वर होतं. त्यापेक्षा महिन्यातून एकदा, एक तारखेला, सकाळी चहाच्या आधी मोजावं. दुधाचा हिशोब लिहितो त्याच कालनिर्णयावर वजन आणि घेर असे दोन आकडे लिहावेत. टेप तोच, जागा तीच, मोजणारा शक्यतो तोच. एखाद्या सेंटिमीटरच्या फरकाने हुरळू नये, खचूही नये. तीन महिन्यांची दिशा बघावी. भाचीला अजून निम्म्याच्या आत यायला दहा सेंटिमीटर आहेत, पण ती चालते आहे.

आता दुसरी बाजू, मापं काढण्याची. लग्नकार्यात पाच वर्षांनी भेट होते आणि पहिलं वाक्य येतं, 'काय गं, केवढी सुटलीस!' बारीक असेल तर 'सासरी खायला घालत नाहीत वाटतं?' शाळेत जाड्या, ढोल्या, भोपळा. मी पहिल्या वर्षापासून वर्गात वजनं मोठ्याने वाचत नसे, मुलाला टेबलाशी बोलावून हळूच लिहून घ्यायची. कारण एकदा आकडा मोठ्याने उच्चारला की तो मुलाचं नाव होऊन बसतो. दवाखान्यातही काही वेगळं नाही. माझी एक माजी विद्यार्थिनी, अंगाने चांगलीच भरलेली, कान दुखतो म्हणून एका डॉक्टरांकडे गेली. कान बघायच्या आधी वजनावर दहा मिनिटांचं व्याख्यान ऐकून आली. त्यानंतर दोन वर्षं ती कुठल्याच डॉक्टरांकडे फिरकली नाही. कोणाचं भलं झालं यात? लाज वाटली की माणूस बारीक होत नाही, तपासणी टाळतो. जो आकडा औषधासारखा वापरायचा तो चाबकासारखा वापरला तर असंच होणार.

म्हणून मला जानेवारी २०२५ मध्ये 'लॅन्सेट'च्या आयोगाने मांडलेली भूमिका पटली. नुसत्या बीएमआयवरून कोणाला लठ्ठ ठरवू नका, असं त्या तज्ज्ञांनी सांगितलं. जोडीला कंबर, कंबर-नितंब किंवा कंबर-उंची यांपैकी माप घ्या, नाहीतर चरबी थेट मोजा. बीएमआय ४० च्या वर असेल तर मात्र वेगळ्या पुराव्याची गरज नाही. आणि मग पुढचा प्रश्न विचारा, की या चरबीने शरीराचं काही बिघडवलं आहे का? बिघडवलं असेल तर तो आजार, उपचार करा. नसेल तर ती जोखीम, लक्ष ठेवा. त्याच महिन्यात भारतीय तज्ज्ञांनीही आपल्यासाठी अशीच दोन पायऱ्यांची मांडणी केली, त्यातही पोटाच्या घेराला मानाचं पान आहे. माणसाला नाव ठेवायच्या आधी त्याला नीट तपासा, असाच याचा अर्थ मी घेते.

टेपच्याही मर्यादा आहेत, त्या लपवायला नकोत. गरोदरपणात, पोटात पाणी झालं असेल तर, मोठा हर्निया असेल तर हे माप फसवं. मुलांना मोठ्यांचे आकडे लावू नयेत. त्यांच्यासाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांचे वेगळे वाढीचे तक्ते दिले आहेत, त्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर अग्रणी होते. शाळेने उंची-वजन नुसतं लिहून ठेवण्यापेक्षा त्या तक्त्यावर टिंब मांडलं तर रकान्याचं सार्थक होईल. आणि माझ्या वयाच्या मंडळींनो, आपली उंची घटते, स्नायू झडतात. या वयात वजन उतरलं म्हणून पेढे वाटू नका, उतरलं ते काय हे बघा. पोटरीच्या सर्वांत जाड भागाला टेप लावा. आशियाई तज्ज्ञांनी २०१९ मध्ये पुरुषांसाठी ३४ आणि स्त्रियांसाठी ३३ सेंटिमीटर ही रेषा सांगितली आहे. त्याहून कमी भरलं तर डॉक्टरांना दाखवा. पोट वाढतं आणि पोटरी सुकते, हा म्हातारपणातला सर्वांत वाईट व्यवहार. आणि कुठलंही माप म्हणजे निदान नव्हे. घेर जास्त निघाला तर रक्तदाब, साखर, रक्तातली चरबी तपासायची, एवढाच त्याचा निरोप.

गंमत अशी की जे मोठ्या दवाखान्यांत मला क्वचितच दिसलं, ते सरकारी कागदावर आधीच आहे. तिशीच्या पुढच्या लोकांसाठी आशाताईंकडे जो तक्ता असतो, त्यात वय, तंबाखू, दारू, व्यायाम आणि घरातल्या आजारांसोबत कंबरेच्या घेराचा रकाना आहे. बायकांना ८० पर्यंत शून्य गुण, ९० पर्यंत एक, त्यावर दोन. पुरुषांना ९० पर्यंत शून्य, १०० पर्यंत एक, त्यावर दोन. आमच्या पूर्व भागात दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या बायका आहेत, बसल्या जागी उन्हं कलतात. त्यांना जिम परवडणार नाही, चरबी मोजणारी यंत्रं तर दूरच. पण टेप परवडतो. तेव्हा आशाताई दारात आल्या की 'आम्हाला काही झालं नाही' म्हणून त्यांना वाटेला लावू नका. दोन मिनिटं उभ्या राहा, माप द्या.

आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे गेलात, काट्यावर चढलात, हाताला पट्टा बांधून झाला, की आपण होऊन म्हणा, 'डॉक्टर, कंबर पण मोजा ना, आणि कागदावर लिहा.' टेप नाही म्हणाले तर आपल्या पिशवीतला काढून द्या. मी तेच करते. पहिल्यांदा हसतात, दुसऱ्यांदा स्वतःचा आणून ठेवतात.

असो. बरंच लांबलं. घरातल्या मंडळींना विनंती, या दिवाळीला एकत्र जमू तेव्हा फराळाच्या आधी सगळ्यांनी दोरा फिरवायचा आहे. आकडा ज्याचा त्याने आपल्यापाशी ठेवायचा. दुसऱ्याच्या आकड्यावर बोलेल त्याला चकली मिळणार नाही. बाकी वाचकांनी आपला अनुभव जरूर कळवावा.